महादेवपुऱ्यात घर घेताना आणि विकताना : कागदपत्रे, पाणी आणि इस्टेट एजंटची जबाबदारी

बंगळुरू शहराच्या पूर्वेकडील महादेवपुरा परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर किंवा बेळगावहून आलेली ही कुटुंबे काही वर्षे भाड्याच्या घरात राहतात आणि पुढे स्वतःच्या घराचा विचार करू लागतात. महाराष्ट्रात घर घेण्याची पद्धत त्यांना साधारणतः ठाऊक असते. सातबारा, मालमत्ता पत्रक, इंडेक्स टू, सोसायटीचा ना हरकत दाखला हे शब्द त्यांच्या परिचयाचे असतात. कर्नाटकात मात्र कागदपत्रांची नावे बदलतात, नोंदणीची व्यवस्था बदलते आणि काही ठिकाणी मालकीची रचनाही वेगळी असते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला आधार इस्टेट एजंट हाच असतो. त्याने कोणता सल्ला द्यावा, कोणता सल्ला त्याच्या अधिकाराबाहेरचा आहे आणि घर घेणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने स्वतः काय तपासावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

गावांचे शहर झाले

महादेवपुरा, हूडी, गरुडाचारपाळ्य, दोड्डनेक्कुंदी, कुंदलहळ्ळी, वर्तूर, बेळ्ळंदूर ही सारी मूळची गावे. या नावांतील ‘हळ्ळी’ आणि ‘पाळ्य’ हे कन्नड शब्द गाव किंवा वस्ती याच अर्थाचे आहेत. शेती, फळबागा आणि एकमेकांना जोडलेले तलाव असे या भागाचे स्वरूप होते. व्हाइटफील्ड भागात भारत आणि सिंगापूर यांच्या संयुक्त उपक्रमातून १९९४ मध्ये इंटरनॅशनल टेक पार्कची योजना आकाराला आली. त्यानंतर बाह्य वर्तुळाकार मार्गालगत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली आणि शेतजमिनींवर गृहसंकुले झाली.

प्रशासनाची व्यवस्थाही या काळात वारंवार बदलली. महादेवपुऱ्याला स्वतंत्र नगरपालिका होती. २००७ मध्ये महादेवपुऱ्यासह सात नगरपालिका, केंगेरी नगरपालिका आणि ११० गावे शहराच्या महापालिकेत विलीन होऊन बृहत् बंगळुरू महानगरपालिका स्थापन झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रेटर बंगळुरू प्राधिकरणाखाली या महापालिकेच्या जागी पाच नव्या महापालिका आल्या. महादेवपुरा आणि कृष्णराजपुरम हे भाग बंगळुरू पूर्व महापालिकेत आहेत.

हा इतिहास घराच्या ग्राहकाला माहीत असणे आवश्यक आहे. एकाच जमिनीच्या कागदांवर ग्रामपंचायत, नगरपालिका, बृहत् महानगरपालिका आणि आताची महापालिका असे वेगवेगळ्या काळांचे शिक्के आढळू शकतात. वीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने दिलेला दाखला खरा असला, तरी त्या जमिनीवर भूखंड पाडण्याची परवानगी नियोजन प्राधिकरणाने दिली होती की नाही, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. या परिसरातील अनेक व्यवहार नेमके याच प्रश्नावर अडतात.

इस्टेट एजंट आणि रेरा कायदा

स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महारेरा करते, तर कर्नाटकात कर्नाटक रेरा प्राधिकरण. पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी केल्याविना विकासकाला जाहिरात किंवा विक्री करता येत नाही.

नोंदणीकृत प्रकल्पातील घरांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटलाही नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर त्याने विकू नये, व्यवहारांचे हिशेब आणि कागद जपून ठेवावेत, प्रकल्पाविषयी खोटी विधाने करू नयेत आणि ग्राहकाला ज्या कागदपत्रांचा हक्क आहे ती मिळवून द्यावीत, अशी कर्तव्ये कायद्याने त्याच्यावर घातली आहेत. नोंदणीविना काम केल्यास दररोज १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणूनच पहिल्याच भेटीत एजंटचा रेरा क्रमांक विचारणे आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहणे, यात अवघडण्यासारखे काही नाही.

एजंटचे मानधन कायद्याने ठरलेले नाही. पुनर्विक्रीच्या व्यवहारात ते साधारणतः किमतीच्या एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान असते. नव्या प्रकल्पात ते बहुधा विकासक देतो. विकासकाकडून मानधन घेणारा एजंट ग्राहकाच्या बाजूने पूर्णपणे तटस्थ राहील, असे गृहीत धरता येत नाही. मानधन किती, कोणाकडून आणि कोणत्या टप्प्यावर, हे आरंभीच लेखी ठरवून घ्यावे.

परिसरातील चालू दर, इमारतीची देखभाल, घरमालकाची घाई किंवा अडचण आणि भाड्याची मागणी ही माहिती चांगल्या एजंटकडेच मिळते. जमिनीच्या मालकीविषयी मत देणे हे मात्र वकिलाचे काम आहे. विकासकाने सुचविलेल्या वकिलापेक्षा स्वतः नेमलेला, कन्नड कागद वाचू शकणारा स्थानिक वकील घ्यावा. घराच्या किमतीच्या तुलनेत त्याचे शुल्क नगण्य असते.

शब्द वेगळे, अर्थ जवळचे

महाराष्ट्रातील सातबाऱ्याशी मिळताजुळता कर्नाटकातील उतारा म्हणजे ‘आरटीसी’ किंवा ‘पहाणी’. शेतजमीन अन्य वापरासाठी बदलून घेण्याच्या परवानगीला महाराष्ट्रात बिनशेती किंवा एनए म्हणतात. कर्नाटकात तिला ‘डीसी कन्व्हर्जन’ म्हणण्याची रीत आहे, कारण ही परवानगी उपायुक्त, म्हणजे जिल्हाधिकारी पातळीवरील अधिकारी, देत असे. रेडी रेकनरच्या जागी ‘गायडन्स व्हॅल्यू’ हा शब्द येतो.

मालमत्तेवरील नोंदणीकृत व्यवहार आणि बोजे दाखविणाऱ्या उताऱ्याला ‘एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट’ किंवा थोडक्यात ‘ईसी’ म्हणतात. महाराष्ट्रात वकील दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊन जो सर्च रिपोर्ट देतो, त्याचा आधार असलेली माहिती यात मिळते. एप्रिल २००४ नंतरच्या नोंदींचा उतारा ‘कावेरी’ या नोंदणी प्रणालीवर ऑनलाइन मिळतो. त्यापूर्वीच्या काळासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातील जुनी दप्तरे पाहावी लागतात. केवळ ऑनलाइन उतारा पाहून समाधान मानणे हे या व्यवहारातील नेहमीचे उणेपण आहे.

महाराष्ट्रात बहुतांश इमारतींत सहकारी गृहनिर्माण संस्था असते आणि सभासदाला भागपत्र मिळते. बंगळुरूत सदनिकेबरोबर खाली असलेल्या जमिनीतील अविभाज्य हिस्सा खरेदीखतानेच ग्राहकाच्या नावे होतो. त्याला बोलीभाषेत ‘यूडीएस’ म्हणतात. इमारतीचा कारभार मालकांचा संघ पाहतो. १९७२ च्या कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायद्यात अशा संघाची आणि घोषणापत्राची तरतूद आली. खरेदीखतात हा हिस्सा किती चौरस फूट आहे, सर्व सदनिकांच्या हिश्श्यांची बेरीज जमिनीच्या क्षेत्रफळाशी जुळते काय आणि घोषणापत्र नोंदलेले आहे काय, हे पाहावे. इमारत जुनी झाल्यावर, पुनर्विकासाच्या वेळी किंवा जमीन संपादित झाल्यास मालकाच्या हाती हाच हिस्सा उरतो.

जमिनीचा पूर्वेतिहास

महादेवपुऱ्यातील इमारत दहा वर्षांची असेल, पण तिच्याखालील जमिनीचा इतिहास त्याहून फार जुना असतो. वकिलाने किमान तीस वर्षांची मालकीची साखळी पाहावी, अशी सर्वसाधारण रीत आहे. साखळीतील पहिल्या खरेदीखताला ‘मदर डीड’ म्हणतात. पुढचा प्रत्येक मालक आधीच्या मालकाशी कोणत्या दस्ताने जोडला आहे, ते सलगपणे दिसले पाहिजे.

यात तीन बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिली बाब कुटुंबातील हिस्सेदारांची. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना जन्मसिद्ध समान हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. वडिलोपार्जित शेतजमीन विकासकाला देताना केवळ भावांनी सह्या केल्या असतील आणि बहिणींचे हक्कसोडपत्र नसेल, तर त्या जमिनीवरील सदनिकाधारकांना पुढे वाटणीच्या दाव्याला तोंड द्यावे लागू शकते.

दुसरी बाब अनुदत्त जमिनींची. अनुसूचित जाती व जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेल्या जमिनी शासनाच्या परवानगीविना विकता येत नाहीत, असा कर्नाटकाचा १९७८ चा कायदा आहे. असा व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते. जमीन परत मिळविण्याच्या अर्जाला कालमर्यादेची आडकाठी येऊ नये, अशी दुरुस्ती २०२३ मध्ये झाली. हा कायदा दुर्बळ कुटुंबांच्या संरक्षणासाठी आहे. त्याकडे दुर्लक्ष करून झालेल्या विक्रीची किंमत मात्र शेवटच्या ग्राहकाला मोजावी लागते.

तिसरी बाब कुलमुखत्यारपत्राची. ‘मालकाने मुखत्यारपत्र दिले आहे, खरेदीखत नंतर होईल’ असे सांगून भूखंड विकण्याची प्रथा अनेक शहरांत होती. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांनी मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात दिला. परगावी असलेल्या मालकाच्या वतीने सही करण्यासाठी मुखत्यारपत्र चालते. त्या वेळीही मालक हयात असल्याची आणि मुखत्यारपत्र रद्द झालेले नसल्याची खात्री करून घ्यावी.

ए-खाता आणि बी-खाता

महादेवपुऱ्यात घर पाहणाऱ्याच्या कानावर सर्वाधिक वेळा पडणारा शब्द म्हणजे ‘खाता’. मालमत्ता कराच्या आकारणीसाठी महापालिकेच्या दप्तरी असलेली ही नोंद. खाता हा मालकीचा पुरावा नाही. मालकी खरेदीखताने येते, खाता त्यामागून येतो. मात्र इमारतीची परवानगी, बँकेचे कर्ज आणि पुढील विक्री या साऱ्यांवर खात्याचा परिणाम होतो.

बिनशेती झालेल्या जमिनीवर, मंजूर आराखड्यानुसार असलेल्या मालमत्तेची नोंद मुख्य नोंदवहीत होते. तिला व्यवहारात ए-खाता म्हणतात. बिनशेती न झालेल्या महसुली जमिनीवरील, मंजुरीविना पाडलेल्या भूखंडांवरील किंवा आराखड्याबाहेर बांधलेल्या मालमत्तांकडूनही कर वसूल व्हावा, यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवली गेली. तिचे नाव बी-खाता. कर भरला म्हणजे बांधकाम नियमित झाले, असा त्याचा अर्थ होत नाही. विक्रेता दहा वर्षांच्या करपावत्या दाखवीत असेल, तरी हा भेद विसरू नये.

बी-खात्याचे घर शेजारच्या ए-खात्याच्या घरापेक्षा स्वस्त मिळते. अनेक बँका अशा घराला कर्ज देत नाहीत आणि पुढे विकताना ग्राहक मर्यादित राहतात. ही घरे नियमित करण्याच्या आशेवरही व्यवहार होतात. राज्याची ‘अक्रम-सक्रम’ योजना सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१७ च्या स्थगितीमुळे थांबली. २०२५ मध्ये बी-खात्याच्या भूखंडांना शुल्क घेऊन ए-खाता देण्याची योजना राज्य सरकारने जाहीर केली. अशा योजनेचा लाभ हव्या असलेल्या मालमत्तेला मिळू शकतो काय, हे तिच्या अटी वाचूनच ठरवावे. ‘थोड्याच दिवसांत ए-खाता होईल’ हे आश्वासन तोंडी असेल, तर त्यासाठी वाढीव किंमत देऊ नये. ए-खाता झाल्यावरच उर्वरित रक्कम देय होईल, अशी अट साठेखतात घालता येते.

ऑक्टोबर २०२४ पासून बंगळुरूत दस्तनोंदणीसाठी ई-खाता बंधनकारक झाला. ई-खात्यावरील मालकाचे नाव, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा खरेदीखताशी जुळतात काय, हे विसार देण्यापूर्वीच पाहावे. नावातील एका अक्षराचा फरकही नोंदणीच्या दिवशी अडथळा ठरू शकतो.

इमारतीची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र

जमिनीनंतर इमारतीचा क्रम येतो. मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद एकत्र पाहावेत. चार मजल्यांची मंजुरी घेऊन पाचवा मजला चढविलेल्या इमारती या भागात दुर्मीळ नाहीत. घर नेमके त्या वाढीव मजल्यावर असेल, तर धोका सर्वाधिक असतो. भोगवटा प्रमाणपत्राअभावी केवळ तो मजला नव्हे, तर साऱ्या इमारतीचीच अडचण होते.

इमारतींना वीज, पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिले. त्यानंतर २०२५ मध्ये कर्नाटकातील वीज कंपन्यांनी प्रमाणपत्र नसलेल्या नव्या इमारतींना जोडणी देणे थांबविले आणि अनेक कुटुंबे बांधून तयार असलेल्या घरांत तात्पुरत्या जोडणीवर अडकली. पुढे लहान घरांसाठी राज्य सरकारने काही सवलत दिली. मोठ्या इमारतीतील सदनिका घेणाऱ्याने मात्र या सवलतीवर विसंबू नये.

बँकेने प्रकल्पाला कर्ज मंजूर केले म्हणजे सर्व कागद निर्दोष आहेत, असा समज रूढ आहे. बँक स्वतःच्या जोखमीपुरती तपासणी करते. व्यवहारात दोष निघाला, तरी कर्जाचे हप्ते ग्राहकाला भरावेच लागतात.

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात रेरा कायद्याचे संरक्षण मिळते. नोंदणीकृत करारनामा केल्याविना विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबल्यास ग्राहकाला व्याजासह परतावा मागता येतो, किंवा घर कायम ठेवून विलंबाचे व्याज मागता येते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामाचे दोष विकासकाने विनामूल्य दूर करावयाचे असतात. प्राधिकरणाचा आदेश झाल्यावर रकमेची वसुली महसूल यंत्रणेमार्फत होते आणि तिला वेळ लागतो. आदेश हाती आला म्हणजे पैसे हाती आले, असे नव्हे. म्हणून आरंभीची तपासणीच अधिक मोलाची ठरते.

पाण्याचे दोन प्रश्न

महादेवपुऱ्यात पाण्याची चौकशी दोन अंगांनी करावी लागते. पावसाळ्यात पाणी घरात येते काय आणि उन्हाळ्यात नळाला येते काय. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यातील अतिवृष्टीत बाह्य वर्तुळाकार मार्ग, बेळ्ळंदूर, येमलूर आणि आसपासच्या वसाहती पाण्याखाली गेल्या. कोट्यवधी रुपयांच्या बंगल्यांतील रहिवाशांना होड्या आणि ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. त्यानंतर महापालिकेने महादेवपुरा विभागात नाल्यांवरील अतिक्रमणे पाडण्याची मोहीम हाती घेतली.

याचे कारण जमिनीच्या रचनेत आहे. बंगळुरूजवळ मोठी नदी नसल्याने पूर्वजांनी उतारावर तलावांची साखळी बांधली. एक तलाव भरला की त्याचे पाणी नाल्याने पुढच्या तलावात जाई. या मोठ्या नाल्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. बेळ्ळंदूर तलावाचे पाणी वर्तूर तलावात आणि तेथून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. नाले अरुंद झाले, काही बुजले, पाण्याने मात्र आपली जुनी वाट सोडली नाही.

तलाव आणि नाल्यांच्या भोवती बांधकामास मनाई असलेला पट्टा किती असावा, हा विषय न्यायालयांत गेला होता. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१६ मध्ये तलावांभोवतीचा पट्टा ७५ मीटरपर्यंत वाढविला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो आदेश रद्द करून शहराच्या विकास आराखड्यातील अंतरे कायम ठेवली. ग्राहकाने आपल्या सर्वेक्षण क्रमांकाचा गावनकाशा आणि विकास आराखडा या दोन्हींत नाला कोठे दाखविला आहे, ते पाहावे. राज्य शासनाच्या ‘दिशांक’ या मोबाइल अ‍ॅपवर उभ्या जागेचा सर्वेक्षण क्रमांक समजतो. त्यावरून प्राथमिक अंदाज येतो, निर्णय मात्र अधिकृत नकाशावरूनच घ्यावा. इमारतीचा सुरक्षारक्षक, कोपऱ्यावरचा दुकानदार किंवा तळमजल्यावरील रहिवासी यांना २०२२ मध्ये पाणी कोठवर आले होते, हे विचारणेही उपयोगी ठरते.

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूच्या बाह्य भागांतील कूपनलिका आटल्या आणि टँकरचे दर जिल्हा प्रशासनाला ठरवून द्यावे लागले. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी कावेरी पाणीपुरवठा योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. दररोज ७७५ दशलक्ष लिटर क्षमतेची ही योजना मुख्यतः २००७ मध्ये शहरात आलेल्या ११० गावांसाठी आहे. भागात जलवाहिनी आली म्हणजे इमारतीने जोडणी घेतली आहे, असे नाही. गेल्या दोन उन्हाळ्यांतील टँकरची देयके आणि मासिक देखभाल खर्चाचा हिशेब मालकांच्या संघाकडून मागून पाहावा.

किंमत, क्षेत्रफळ आणि खर्च

किमतीची तुलना चटई क्षेत्रावरच करावी. समजा, १,५०० चौरस फूट ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्राची सदनिका ८ हजार रुपये दराने १ कोटी २० लाख रुपयांना आहे आणि तिचे चटई क्षेत्र १,००० चौरस फूट आहे. तर खरा दर १२ हजार रुपये पडतो. रेरा कायद्यानुसार नव्या प्रकल्पात चटई क्षेत्र सांगणे विकासकाला बंधनकारक आहे.

घोषित सुविधांच्या आधारे वाढीव दर मागितला जातो, तेव्हाही सावध राहावे. व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या मेट्रोचा कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड हा टप्पा मार्च २०२३ मध्ये सुरू झाला, पण मधला तुकडा पूर्ण होऊन शहराशी सलग जोडणी होण्यास ऑक्टोबर २०२३ उजाडले. त्यापूर्वी अनेक वर्षे मेट्रोच्या नावावर घरे विकली जात होती.

१ कोटी रुपयांच्या तयार सदनिकेचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो. मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे ५ लाख रुपये. त्या शुल्कावर उपकर आणि अधिभार मिळून १२ टक्के, म्हणजे ६० हजार. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झाले, ते २ लाख. एकूण ७ लाख ६० हजार रुपये. किंमत आणि गायडन्स व्हॅल्यू यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर ही आकारणी होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७५ लाखांहून अधिक गृहकर्ज असल्यास ते मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या मूल्यात धरला जात नाही. याचा अर्थ, ७५ लाखांचे कर्ज घेतले तरी २५ लाख अधिक ७ लाख ६० हजार रुपये स्वतःजवळ हवेत. एजंटचे मानधन, वकिलाचे शुल्क आणि दुरुस्तीचा खर्च त्याहून निराळा.

बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या सदनिकांसाठी तो १ टक्का आहे. पूर्णत्व प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर नाही.

विसार ते खरेदीखत

विसार देण्यापूर्वी मालकाचे ओळखपत्र, खरेदीखत, ई-खाता, ताजी करपावती आणि ईसी यांच्या प्रती वकिलाकडे द्याव्यात. एजंटच्या खात्यात नव्हे, तर मालकाच्याच खात्यात रक्कम भरावी. विसार पावतीवर, कागदांत दोष आढळल्यास किंवा बँकेने कागदांच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास विसार परत मिळेल, असे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘आज दुसरा ग्राहक येतो आहे’ हे कारण सांगून घाई केली जात असेल, तर ते तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे. नियम मोडल्यास स्वीकारणाऱ्यावर तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असल्यास ग्राहकाने १ टक्का कर कापून विक्रेत्याच्या नावे भरावयाचा असतो. वरील उदाहरणात ही रक्कम १ लाख रुपये होते आणि ती विक्रेत्याला द्यावयाच्या रकमेतूनच वजा होते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल, तर हा नियम लागू नाही. त्या वेळी कपातीचा दर बराच अधिक असतो आणि सनदी लेखापालाचा सल्ला आवश्यक ठरतो.

घर विकणाऱ्याने काय करावे

घर विकणाऱ्याने किंमत ठरविण्याआधी आपले कागद ठरवावेत. ग्राहकाचा वकील जे मागणार आहे, ते सारे एका धारिकेत तयार असेल, तर घासाघीस कमी होते आणि व्यवहार वेळेत पुरा होतो. ई-खाता, अद्ययावत करपावती, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मालकांच्या संघाचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि वीजबिल हे त्यातील मुख्य कागद होत. घर पती-पत्नीच्या नावे असेल, तर दोघांचीही संमती आरंभीच असावी. मूळ मालक वारला असेल, तर सर्व वारसांची नावे खात्यावर आणून मगच घर बाजारात आणावे.

घरावर कर्ज शिल्लक असल्यास बँकेकडून थकीत रकमेचे पत्र आणि तारण ठेवलेल्या मूळ कागदांची यादी घ्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करावेत, विलंब झाल्यास दररोज ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद हाती आल्यावर तारणाची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून टाकली गेली काय, हे नव्या ईसीवर पाहावे.

शेजारच्या घरासाठी मागितलेली किंमत आणि प्रत्यक्षात मिळालेली किंमत यांत अंतर असते. एकाच संकुलातील अलीकडच्या नोंदणीकृत व्यवहारांवरून अपेक्षा ठरवावी. उत्पन्न कमी दाखविण्यासाठी खरेदीखतात कमी किंमत लिहिण्याच्या सूचनेला नकार द्यावा. सरकारी मूल्यापेक्षा लिहिलेली किंमत १० टक्क्यांहून अधिक कमी असल्यास फरकावर विक्रेता आणि ग्राहक या दोघांनाही कर लागू शकतो.

दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या घराच्या विक्रीतील नफा दीर्घकालीन भांडवली नफा धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे. त्यापूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक धरून २० टक्क्यांचा पर्याय मिळतो. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास, अथवा तीन वर्षांत बांधल्यास, गुंतविलेल्या नफ्यावर सवलत मिळते. ठरावीक रोख्यांत सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत गुंतवणूक करण्याचाही मार्ग आहे. बंगळुरूतील घर विकून पुण्यात किंवा नाशिकला परतू पाहणाऱ्या कुटुंबांनी या मुदती आधीच मांडून ठेवाव्यात.

तपासणीचा क्रम

जमिनीची मालकी, खाता, इमारतीची परवानगी, पाणी आणि सर्वांत शेवटी किंमत, या क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक चुका विसार देण्याआधीच लक्षात येतात. प्रत्यक्षात हा क्रम अनेकदा उलटा होतो. आधी घर आवडते, मग किंमत ठरते, विसार दिला जातो आणि कागदांची चौकशी कर्जाच्या वेळी सुरू होते. तोवर दिलेले पैसे गमावण्याच्या भीतीने माणूस दोषांकडे डोळेझाक करतो. एखादे घर हातचे गेले, तर महिना दोन महिन्यांत दुसरे मिळते. सदोष जमिनीवरील घर मात्र पुढील वीस वर्षांचे कर्जाचे हप्ते भरूनही आपले होत नाही. कागद पुरे होईपर्यंत ग्राहकाला थांबवून धरणारा एजंट महादेवपुऱ्यात भेटला, तर त्याचे मानधन सत्कारणी लागले असे समजावे.